झोपल्याची नोंद

ज्या मजकुराबद्दल मी लिहिणार आहे तो जेमतेम तीनशे ओळींचा आहे. त्यात माणसांच्या भाषेतलं वाक्य एकच, अगदी वरती, इंग्रजीत. त्याचा अर्थ: पॉवरचा प्रॉब्लेम दुरुस्त केला. बाकी सगळं सी. लिहिणाऱ्याचं नाव नाही. एक ईमेल पत्ता आहे, त्यावर पाठवलेली मेल परत येते. तारीख २०१४ मधली.

हा लिनक्स कर्नलसाठीचा एक पॅच आहे आणि एका पावसाळ्यात मी तो लागोपाठ अकरा रात्री वाचला. इतक्या बारकाईने मी दुसरं काही वाचल्याचं आठवत नाही, बारावीचं मराठीचं पुस्तक धरून. आपल्याकडे कवितेची समीक्षा होते, सिनेमाची होते, हल्ली रील्सचीही होते. या मजकुराची कोणी करणार नाही, म्हणून मी करतोय.

पॅच म्हणजे ठिगळ, हे शब्दशः खरं आहे. मूळ कोडमध्ये कुठे काय काढायचं, कुठे काय घालायचं, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. काढायच्या ओळीपुढे वजाचं चिन्ह, घालायच्या ओळीपुढे अधिकचं. आणि प्रत्येक बदलाच्या वरच्या तीन ओळी आणि खालच्या तीन ओळी तशाच्या तशा दिलेल्या असतात, कशासाठी, तर जागा ओळखू यावी म्हणून. 'मारुतीच्या देवळाच्या मागचं घर' असा पत्ता सांगतात, तसं. देऊळ हललं की पत्ता चुकला. लॅरी वॉलने १९८५ मध्ये 'पॅच' नावाचा प्रोग्राम लिहिला, त्यात एक समजूतदारपणा आहे: सगळ्या ओळी जुळल्या नाहीत तरी थोडी तडजोड करून जागा शोधायची. आपला पोस्टमन हेच करतो.

आता माझा आणि या पॅचचा संबंध.

आमचं गाव नेवासे तालुक्यात, मुळा धरणाच्या उजव्या कालव्याच्या टोकाला. टोकाला म्हणजे पाणी पोचणार की नाही हे दरवर्षी नव्याने ठरतं. त्यामुळे खरा भरवसा विहिरीचा. आणि शेतीची थ्री फेज लाईट आळीपाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की तात्या, म्हणजे माझे चुलते, मध्यरात्री उठून विहिरीवर जायचे. ऑटो स्टार्टर आहे, मोटार आपोआप चालू होते, पण विहिरीत पाणी नसेल तर ती कोरडी फिरते आणि जळते. म्हणून आधी बॅटरी मारून पाणी बघायचं. वाटेत दोन्ही बाजूंना ऊस. उसात बिबट्या आहे ही आमच्याकडे बातमी नसते, ते गृहीत असतं.

तर मी आणि माझ्या एका मित्राने एक यंत्र बसवलं होतं. तात्या त्याला डबी म्हणतात. विहिरीच्या तळाशी पाण्याचा दाब मोजणारा सेन्सर, वर एक छोटा लिनक्स बोर्ड, मोडेम, १२ व्होल्टची ७ अँपिअर-अवरची बॅटरी आणि एक सोलर पॅनेल. दर पंधरा मिनिटांनी डबी पाणी मोजते, तात्यांनी मिस्ड कॉल दिला की एसएमएस पाठवते. दोन वर्षं हे उत्तम चाललं. मग वीज पडून बोर्ड गेला, तो बोर्ड बाजारात मिळेना, नवा घेतला. नव्या बोर्डावर कर्नल ६.१. सेन्सरचा ड्रायव्हर मात्र पुरवठादाराकडे एकच होता, हा २०१४ चा पॅच, कर्नल ३.१४ साठी लिहिलेला. फोनवर ते म्हणाले, "चालतो तो, लावून बघा."

लावून बघितला. तीन ठिकाणी अडला. मेकफाइल आणि कॉन्फिगच्या फाइलमधले शेजारी बदलले होते, ते हाताने जुळवलं. ड्रायव्हर काढून टाकतानाचं जे फंक्शन असतं त्याने पूर्वी एक आकडा परत द्यायचा असे, ६.१ पासून काहीच द्यायचं नाही, म्हणून कंपायलरने आरडाओरडा केला. दोन ओळी बदलल्या. कंपाइल झालं, बोर्ड चालू झाला, विहिरीतलं पाणी फुटांत दिसलं. मी पुण्याला परत आलो आणि मित्रांना चहा पाजला.

ऑगस्टमध्ये झड लागली. तिसऱ्या दिवशी डबी मेली. पॅनेलला ऊन नाही हे कारण समजण्यासारखं होतं, पण जुनी डबी अशाच झडीत आठवडाभर टिकायची. चौथ्या रात्री लाईटची पाळी होती. तात्यांनी मिस्ड कॉल दिला, उत्तर नाही, म्हणून ते निघाले. सकाळी मला फोन आला. "आरं, तुझी डबी मेली व्हय? राती जावं लागलं मला." एवढंच बोलले. नंतर काकूंकडून कळलं की बांधावर कुत्रं भुंकत मागे सरकलं तेव्हा तात्या तिथूनच परत फिरले होते. मोटार जळाली नाही, काही झालं नाही. पण त्या दिवसापासून मी हा पॅच वाचायला घेतला.

हिशोब सोपा होता. बोर्ड आणि मोडेम मिळून सरासरी ३० मिलीअँपिअर खातात. सेन्सरला २४ व्होल्ट लागतात, ते १२ वरून चढवून द्यावे लागतात, त्याचे साधारण ५० मिलीअँपिअर. सेन्सर चोवीस तास चालू राहिला तर दिवसाला एकूण १.९ अँपिअर-अवर. सात अँपिअर-अवरच्या बॅटरीतून पाचच्या पुढे काढू नयेत. म्हणजे अडीच दिवस. सेन्सर पंधरा मिनिटांतून काही सेकंदच चालू राहिला तर सात दिवस. पॅचचा मुख्य उद्योग नेमका तोच आहे: कोणी पाणी विचारत नसेल तेव्हा २४ व्होल्ट बंद करायचे. मी गावी गेलो, मल्टिमीटर लावला. ८० मिलीअँपिअर. सेन्सर टक्क जागा.

मग कर्नलला विचारलं. प्रत्येक उपकरणाची अवस्था सांगणारी एक फाइल कर्नल दाखवतो, त्यात एक शब्द असतो, 'अ‍ॅक्टिव्ह' किंवा 'सस्पेंडेड'. तिथे लिहिलं होतं: सस्पेंडेड. झोपलंय.

मीटर म्हणतो जागं आहे, नोंद म्हणते झोपलंय. शेतीच्या लाईटचं वेळापत्रक ज्यांनी वाचलंय त्यांना हा अनुभव नवा नाही. पण कर्नलकडून मला ही अपेक्षा नव्हती.

कारण सापडायला सहा रात्री लागल्या आणि ते एका नावात होतं. उपकरण वापरात नसताना त्याला आपणहून झोपवायची जी यंत्रणा लिनक्समध्ये आहे, तिला रनटाइम पॉवर मॅनेजमेंट म्हणतात. ती राफाएल व्हिसोत्स्की या पोलिश प्रोग्रामरने २००९ मध्ये आणली, कर्नल २.६.३२ मध्ये. तो बदल स्वीकारला गेला तेव्हा त्याच्या शीर्षकातच 'आवृत्ती १७' असं लिहिलेलं होतं, म्हणजे सोळा वेळा तो पुन्हा लिहून झाला होता. ज्यांना वाटतं की प्रोग्रामर एका बैठकीत लिहितात, त्यांच्यासाठी ही माहिती. त्या काळी ही यंत्रणा हवी की नको यासाठी कॉन्फिगमध्ये एक स्वतंत्र बटण होतं, नाव 'कॉन्फिग पीएम रनटाइम'. ड्रायव्हर लिहिणारे आपला झोपवण्याचा कोड एका अटीत ठेवायचे: हे बटण चालू असेल तरच पुढचं वाचा. माझ्या पॅचमध्येही ती अट आहे. झोपवणारं फंक्शन, उठवणारं फंक्शन, आणि त्या दोघांची नावं कर्नलला कळवणारा तक्ता, हे सगळं अटीच्या आत. नाहीतर तक्त्याच्या जागी रिकामं.

डिसेंबर २०१४ मध्ये व्हिसोत्स्कींनी स्वतःच ते बटण काढून टाकलं. झोपेची दोन वेगळी बटणं असल्याने गुंता होत होता, म्हणून 'कॉन्फिग पीएम' हे एकच ठेवलं. कर्नलमधल्या सगळ्या ड्रायव्हरांतली नावं तेव्हा बदलण्यात आली. ३.१९ मध्ये हे पूर्ण झालं. माझा पॅच कर्नलच्या बाहेर, कुठल्यातरी पुरवठादाराच्या संगणकात होता. त्याला हे कोणी कळवलं नाही.

आणि इथे भाषेचा एक क्रूर नियम आहे. सी भाषेत, अस्तित्वात नसलेलं बटण आणि बंद असलेलं बटण यांत फरक नाही. कंपायलरने अट वाचली, असं काही चालू नाही म्हणाला, आतला सगळा कोड ओलांडून पुढे गेला. चूक नाही, सूचना नाही. तक्ता रिकामा राहिला. कर्नलने ठरल्याप्रमाणे उपकरणाला झोपवायला घेतलं, झोपवणारं फंक्शन आहे का बघितलं, नाही, म्हणजे या उपकरणाला वेगळं काही करावं लागत नसेल असं समजून 'झोपलं' अशी नोंद केली. प्रत्येकाने आपापल्या जागी बरोबर वागून खोटं तयार केलं.

गेल्या काही वर्षांत आमच्या जिल्ह्याचंही नाव बदललं, २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. त्यावर मला इथे काही म्हणायचं नाही. एवढंच की आजीच्या नावाने जुन्या नावाचं पाकीट आलं तरी ते पोचतं, आणि एसटी स्टँडवर सगळे अजून 'नगर, नगर' असंच ओरडतात. माणसं जुनं नाव वाचून नव्या जागी जातात. कंपायलर जात नाही, आणि जात नाही हे सांगतही नाही.

याच तालुक्यात नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९०. शाळेच्या सहलीत पैस खांबाला पाठ टेकवून आम्ही फोटो काढले आहेत. पुढे जवळपास तीनशे वर्षं तिच्या नकला होत राहिल्या. कोणी ओवी विसरलं, कोणी आपली घातली, कोणाला शब्द कळला नाही म्हणून सोपा लिहिला. शके १५०६, म्हणजे १५८४ मध्ये, इथून फार लांब नसलेल्या पैठणला एकनाथांनी प्रती ताडून शुद्ध पाठ तयार केला. आणि शेवटी ओव्या जोडल्या, त्यात साल दिलं, कोणी शुद्ध केलं ते दिलं, का करावं लागलं ते दिलं, आणि यापुढे कोणी आपली ओवी यात मिसळू नये अशी ताकीद दिली. कमिट मेसेज कसा लिहावा हे मी नव्या पोरांना ऑफिसमध्ये शिकवतो तेव्हा याहून चांगलं उदाहरण मला देता येत नाही. केव्हा, कोणी, काय, का, आणि पुढच्याने काय करू नये.

ही तुलना मला अकरा रात्रींत फार आवडली होती, आणि ती अर्धीच खरी आहे. एकनाथांपुढचा पाठ नकलाकारांनी बिघडवला होता. माझ्यापुढच्या पॅचमधलं एक अक्षरही कोणी बदललेलं नव्हतं. तो २०१४ मध्ये होता तसाच होता आणि म्हणूनच चुकीचा होता. ग्रंथाच्या अभ्यासात जुनी प्रत मिळाली की लोक आनंदतात. राजवाड्यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून ज्ञानेश्वरीची प्रत छापली तेव्हा वाद झाला तो याच गृहीतावर, की जितकं जुनं तितकं मुळाजवळ. कर्नलमध्ये मूळ नावाची जागाच हलत असते. तिथे जुनं जपणारा माणूस मजकूर जपतो आणि अर्थ घालवतो.

तरी दोन्हीकडे वाचणाऱ्याला एकच प्रश्न सोडवावा लागतो: लिहिणाऱ्याला काय म्हणायचं होतं? आणि इथे माझी या पॅचबद्दलची खरी तक्रार सुरू होते. त्याने ते सांगितलेलं नाही. 'पॉवरचा प्रॉब्लेम दुरुस्त केला.' कोणता प्रॉब्लेम? कोणत्या बोर्डावर? दुरुस्तीआधी किती करंट जात होता, नंतर किती? कर्नलच्या नियमावलीत पॅच पाठवणाऱ्याने आधी अडचण काय होती ते लिहावं, आकडा असेल तर आकडा द्यावा, असं स्पष्ट लिहिलंय. या एका मेसेजमध्ये 'आता करंट ८० वरून ३० मिलीअँपिअर' इतकं असतं, तर मी बोर्ड बसवल्या दिवशी मीटर लावला असता.

बाकी कोड मात्र, मान्य करावं लागेल, नीट आहे. नावं समजतात, उगाच हुशारी नाही, फंक्शनं छोटी. रेग्युलेटर बंद करण्याआधी सेन्सरचं शेवटचं वाचन जपून ठेवलंय, हे करायला कोणी सांगत नाही. लिहिणारा माणूस घाईत होता पण आळशी नव्हता. मला तो कोणत्यातरी कंपनीत शुक्रवारी संध्याकाळी बसलेला दिसतो, माझ्याच वयाचा. आता चाळिशीला आला असेल.

त्याच्या कोडमध्ये एक दुसरी चूकही सापडली, पण तिचा दोष मी त्याला देणार नाही. वाचन घेण्याआधी तो 'पीएम रनटाइम गेट सिंक' हे फंक्शन बोलावतो, म्हणजे उपकरण जागं कर आणि 'वापरात' हा आकडा एकने वाढव. काम झालं की दुसऱ्या फंक्शनने आकडा कमी करायचा. आकडा शून्य झाला की झोप. गोम अशी की जागं करणं फसलं तरी हे फंक्शन आकडा वाढवूनच ठेवतं. त्याने फसलं म्हणून लगेच बाहेर पडायचा कोड लिहिला, जसा कोणीही लिहील, आणि आकडा कमी करायचं राहिलं. एकदा असं झालं की आकडा पुन्हा कधीच शून्य होत नाही, उपकरण कायमचं जागं.

दस्तऐवजात हे लिहिलेलं होतं. रनटाइम पॉवर मॅनेजमेंटचं दस्तऐवज मी पुरतं वाचलंय आणि माझ्या मते ते अचूक आहे, कुठेही खोटं बोलत नाही, आणि तरीही वाईट लिहिलेलं आहे. ते यंत्रणेच्या बाजूने लिहिलंय, वापरणाऱ्याच्या नाही. एकेका फंक्शनसमोर एकेक ओळ, सगळ्या सारख्याच सुरात, त्यात जी ओळ विसरली तर बॅटरी मरते ती आणि जी कधी लागणारच नाही ती, शेजारी शेजारी. एखाद्या वहिनीने मिसळीची कृती सांगताना मीठ आणि तर्री एकाच आवाजात सांगावी तसं. नावातच वचन मोडलेलं असेल तर तळटीप किती जण वाचणार? या सापळ्यात इतके ड्रायव्हर अडकत राहिले की शेवटी २०२० च्या अखेरीस, कर्नल ५.१० मध्ये, 'रिझ्यूम अँड गेट' असं नवं फंक्शन आलं. जागं झालं नाही तर ते आकडा आपणच मागे घेतं. अकरा वर्षं. आमच्या पॅचवाल्याला २०१४ मध्ये हे मिळणार नव्हतं.

कर्नलच्या दस्तऐवजांत आणखी एक प्रसिद्ध निबंध आहे, ग्रेग क्रोह-हार्टमन यांचा. कर्नलच्या आतली फंक्शनं स्थिर का ठेवत नाहीत यावर. म्हणणं असं की सुधारणा करायची तर आतलं बदलावंच लागतं, तुमचा ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये द्या, मग बदल करणाराच तुमचाही कोड बदलून देईल, फुकटात. हे पटतं. 'कॉन्फिग पीएम रनटाइम' काढलं तेव्हा आत असलेल्या प्रत्येक ड्रायव्हरच्या बाबतीत अगदी हेच झालं. निबंध सडेतोड आहे, थोडा उद्धटही, आणि मला तो आवडतो.

पण त्याचा वाचक कोण आहे? ज्याच्याकडे ड्रायव्हर आहे आणि तो पाठवायचा अधिकारही आहे, तो. माझ्यासारख्याकडे दुसऱ्याने लिहिलेला, निनावी, सही नसलेला पॅच असतो. मुख्य कर्नलमध्ये काही पाठवायचं तर लिहिणाऱ्याची सही लागते, हा कोड द्यायचा मला हक्क आहे असं त्यात जाहीर करावं लागतं. ते मी कसं करू? पुरवठादाराला तसं करण्यात रस नाही, त्याचा बोर्ड विकून झाला. निबंध म्हणतो आत या. दाराशी जो उभा आहे तो पॅचचा बाप नसून त्याला सांभाळणारा चुलता आहे, याचा विचार त्यात नाही. शिवाय हे सगळं इंग्रजीत. चिनी, जपानी, कोरियन, इटालियन, स्पॅनिश भाषांत कर्नलच्या दस्तऐवजांचे अनुवाद तिथेच ठेवलेले आहेत. मराठी नाही. कोणी अडवलेलं नाही, आपण केलेलं नाही, इतकंच. मीही नाही.

दुरुस्ती शेवटी तेरा ओळींची झाली. जुनी अट काढली, तक्ता लिहायची ५.१७ पासूनची नवी पद्धत वापरली, ज्यात अटीच लागत नाहीत आणि नको असलेला कोड कंपायलर आपोआप गाळतो. 'गेट सिंक'च्या जागी नवं फंक्शन. वरचा मेसेज एकतीस ओळींचा लिहिला, त्यात करंटचे दोन्ही आकडे, बॅटरीचा हिशोब, आणि नोंदीवर विश्वास न ठेवता मीटर लावा अशी सूचना. मूळ ओळ तशीच वर ठेवली.

दसऱ्याच्या सुट्टीत गावी जाऊन बसवलं. तात्या शेजारी उभे राहून मीटरकडे बघत होते. ८०, ८०, मग एकदम ३१.

"झोपली का?"

"झोपली, तात्या."

पंधरा मिनिटांनी ती उठली आणि तिने एसएमएस पाठवला: पाणी शून्य फूट. विहिरीत वाकून बघितलं तर अठरा फूट तरी पाणी होतं. पुढच्या पंधरा मिनिटांनी पुन्हा शून्य. आता ती खरोखर झोपत होती, म्हणून खरोखर उठतही होती, आणि उठवणाऱ्या फंक्शनमध्ये २४ व्होल्ट दिल्यावर थांबायचे मिलीसेकंद जुन्या सेन्सरच्या मापाने लिहिलेले होते. नव्या बोर्डाबरोबर सेन्सरही नवा होता, त्याला स्थिर व्हायला जास्त वेळ लागतो. बोर्ड बसवल्यापासून ती ओळ एकदाही चालली नव्हती, त्यामुळे तिची चूक दिसली नव्हती. तात्या घरी गेले, मी विहिरीच्या कठड्यावर लॅपटॉप उघडून सेन्सरच्या माहितीपत्रकात तो आकडा शोधत बसलो. अंधार पडायच्या आत आवरायचं होतं.